बोनसचे कान

मी बोनस बोलतोय. हसू नका, कुत्र्याचंच नाव आहे. रांजणगावच्या एका कंपनीच्या गेटजवळ माझा जन्म झाला. दिवाळीच्या तोंडावर महेंद्रनं मला डब्याच्या पिशवीत घालून निमोण्याला घरी आणलं. "आई, बोनस आणलाय, हात पुढं कर," म्हणाला. अंजनाबाईंनी हौसेनं हात पुढं केला, तर हातात मी! वर मी तिथंच मुतलो. तरी त्यांनी मला खाली टाकलं नाही. तेव्हापासून त्या माझ्याही आईच.

पुढं शिफ्टच्या कटकटीपायी महेंद्रनं कंपनीजवळ कारेगावला खोली घेतली. घरी उरलो आई, धाकटी मोनाली, दोन शेळ्या आणि मी. दुपारी शेळ्यांच्या गोठ्यात गारव्याला लोळायचं, हा माझा धंदा. गोचिडं तिथलीच. आई संध्याकाळी माझ्या अंगावरची गोचिडं चिमटीनं काढायची आणि तिथंच भिंतीकडेला टाकायची. गोचिडं शिरायची भेगेत, आणि काही दिवसांनी त्यांचं सगळं खानदान माझ्या अंगावर जेवायला हजर! माणसांची ही रीत मला कधी कळली नाही.

मग एकदा अंगात अशी कणकण भरली, की दूध-भाकरी पुढ्यात असून तोंड लावावंसं वाटेना. मागचा पाय उचलेना.

"महेंद्र गेल्यापास्नं तोंड पाडून बसलंय," आई म्हणाली. "आठवण काढतंय त्याची."

झालं! मोनालीनं व्हिडिओ कॉल लावला. तिकडून महेंद्र ओरडतोय, "बोनस, अरं जेव की लेका!" मी शेपटी हलवली. हलवणार नाही तर काय, माणूस आपला आहे.

"बघितलं? लगीच खूश झालं," आई म्हणाली.

मी तापानं फणफणतोय आणि ह्यांचं आपलं मोबाइल दाखवणं चालू. शेवटी मला उठताच येईना, तेव्हा आई घाबरली. फोनवर रडत म्हणाली, "ये बाबा लवकर, न्हाईतर हे जातंय हातचं."

महेंद्र शिफ्ट टाकून आला. माझा कान उलटा केला आणि कपाळाला हात लावला. आत गोचिडंच गोचिडं! हिरड्यांवर, पोटावर लाल ठिपके. मला मोटरसायकलवर मध्ये घेऊन दोघं भावंडं शिरूरला डॉक्टरांकडं निघाली. खोटं कशाला सांगू, आपण मरतोय असंच मला वाटलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. "गोचीडताप हाय. अजून उशीर झाला असता तर अवघड होतं."

"आम्हाला वाटलं, दादाची आठवण काढतोय," मोनाली म्हणाली.

"आठवणीनं पोटावर ठिपके उठत न्हाईत, ताई. गोळ्या महिनाभर न चुकता द्या. गोठ्याच्या भेगा फवारून घ्या. आन् गोचीड हातानं चिरडू नका, माणसालाबी ताप येतो त्यानं."

गोळ्या कडू जहर, पण गुण आला. महेंद्र दर सुट्टीला माझे कान तपासायला यायचा. त्या दिवशी आई सकाळपासून चुलीपाशी. मटणाचा वास आला, की मी ओळखायचो, आज सुट्टी.

परवा तो म्हणाला, "आई, आता हे ठणठणीत हाय. सारखं यायची गरज न्हाई. मोनाली बघंल कान."

भाकरी थापणारा आईचा हात थांबला. पिठाच्याच हातानं तिनं माझा कान धरला, आत डोकावली. "थांब जरा. परत काय तरी दिसतंय बघ ह्यात."

काही नव्हतं हो! कान माझाच, मला ठाऊक नाही होय? पण घरात आठवण काढून तोंड पाडून कोण बसलं होतं, ते तेव्हा मला कळलं. मग मी काय केलं, दोन्ही कान पाडले, मान टाकली आणि बारीकसा कण्हलो.

"बरं बाबा," महेंद्र म्हणाला, "पुढच्या सुट्टीला येतो."

तर मंडळी, कुत्र्यानं जेवण सोडलं, तर आधी त्याचे कान बघा. आणि कान स्वच्छ असूनही घरातलं कुणी ते पुन्हा पुन्हा बघत असेल, तर सुट्टी काढा आणि घरी जा.