पाडांगचे तीन, जयापुराचे पाच

येल्मीचा निरोप आदल्या संध्याकाळी आला. ‘उद्या सकाळी आठला जयापुराहून निघते. जकार्ताला विमान बदलून नऊ तासांत पाडांग. परवा परत.’ तीन वर्षांनी लेक घरी यायची होती, तीही एका रात्रीपुरती.

रोस्नियारने बोटं मोजली. “आठ आणि नऊ, म्हणजे संध्याकाळचे पाच. घरी यायला सहा. रेंदांगचं मांस दहाला चुलीवर चढवते, आठ तास शिजायला हवंच. ती दारात, की गरम घास ताटात!”

तिचे यजमान नसरूल शाळेचे निवृत्त ग्रंथपाल. त्यांनी नकाशांचं पुस्तक उघडलं. मध्ये साडेचार हजार किलोमीटर समुद्र आणि बेटं.

“अगं, तिकडचं घड्याळ दोन तास पुढे असतं,” ते हळूच म्हणाले.

“देश एक, झेंडा एक, आणि घड्याळं दोन? मागच्या खेपेला तुमच्याच हिशेबाने पोरगी विमानतळावर ताटकळली. रडत घरी आली.”

ते खरंच होतं. नसरूलनी पुस्तक मिटलं. दोन तास वजा करायचे की मिळवायचे? वजा केले तर तीन, मिळवले तर सात. रात्रभर त्यांना दोन्ही पटत राहिलं.

सकाळी सहाला त्यांनी फोन लावला. बंद.

“चार्जिंगला लावायला विसरली असेल,” रोस्नियार म्हणाली. “बापावर गेलीय.”

दीड वाजता नसरूल जाड पुस्तक काखेत घेऊन दाराशी आले. “जरा केस कापून येतो.”

“केस आहेत कुठे? आणि पुस्तक कशाला?”

“रांग असते,” म्हणत ते सटकले. सातपर्यंत बसावं लागलं तरी पुस्तक पुरलं असतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी, विमानतळाच्या बाकावर ते चाळिसाव्या पानाशी असताना हाक आली, “अपा!”

येल्मी बॅग टाकून धावली. “मी तिकडची वेळ कळवली हे विमानात बसल्यावर लक्षात आलं. म्हटलं, आज पुन्हा ताटकळायचं. तुम्हाला कसं कळलं?”

“अंदाज केला,” नसरूल म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

चारला दोघं घरी पोचली. रोस्नियारच्या हातातला कालथा तसाच राहिला. कढईतला रस्सा तांबूस, दाट. तेल नुकतं सुटू लागलेलं. काळं, कोरडं रेंदांग व्हायला अजून दोन तास होते.

“तीन वर्षांनी आलीस, आणि हे असं अर्धवट!” तिचा चेहरा पडला.

“कालियो!” येल्मीने रश्शात बोट बुडवून चाटलं. “अमाक, रेंदांग जयापुरातल्या खानावळीतही मिळतं. असा ओला कालियो कोण देतं मला? आण भात! आणि दे तो कालथा इकडे. मी ढवळते, तू बोल.”

दोघी चुलीपाशी बसल्या. शेजारणीच्या सुनेपासून सुरुवात झाली. नसरूल दारात घुटमळत होते.

रोस्नियारने मान न वळवता विचारलं, “अहो, हिला उद्या किती वाजता सोडायचं? तुम्हीच सांगा.”

नसरूलनी लगेच वेळ सांगितली. मग खोलीत जाऊन, कुणी बघत नाही ना हे पाहून, पुन्हा नकाशा उघडला.