शहरात दुसरा क्रमांक

अश्विन रेवतकरच्या महागड्या इलेक्ट्रिक एसयूव्हीला रविवारी नवं अपडेट आलं. गाडी पोर्चमध्ये उभ्या उभ्या बदलली. चार्जिंग लवकर होणार होतं, खड्ड्यांत सस्पेन्शन आपोआप मऊ पडणार होतं, सीट पाठ चेपून देणार होती. अश्विनची नजर मात्र शेवटच्या सुधारणेवर खिळली. यापुढे गाडी चालकाला गुण देणार होती. जोरात ब्रेक मारला, झपकन वेग वाढवला, लेन बदलली, हॉर्न वाजवला, की गुण कटणार. आठवड्याच्या शेवटी शहरातल्या पहिल्या चालकाचा फोटो कंपनीच्या अ‍ॅपवर झळकणार.

हिंगण्यात पाइपांचा कारखाना चालवणाऱ्या या माणसाला शाळेनंतर पहिल्यांदाच कोणीतरी गुण देत होतं. त्याने ते फार मनावर घेतलं. बुधवारपर्यंत तो नागपुरात दुसरा आला होता.

गुरुवारी त्याची बायको वैभवी हिची मौद्याच्या एका कॉलेजात मुलाखत होती. सात वर्षं ती तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवत होती. म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की घरी. मौद्याची जागा कायमची होती आणि एकच होती. साडेअकरानंतर येणाऱ्याला आत घेणार नाही, असं आधीच कळवलं होतं. वैभवी बसने निघाली होती. "घरी अशी गाडी असताना बसने?" म्हणत अश्विनने तिला थांबवलं. त्याचे वडील चंपतरावही मागच्या सीटवर बसले. त्यांची बहीण मौद्याला राहते.

कापसी गाव ओलांडल्यावर पुढे वीज केंद्राची राख वाहणारा रिकामा टँकर आला. तो रेंगाळत चालला होता. आपली गाडी सहा सेकंदांत शंभरचा वेग गाठते, हे अश्विनने घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगितलं होतं. आत्ता ती टँकरमागे पस्तीसने चालली होती. शेजारची लेन मोकळी होती.

"काढ ना पुढे," वैभवी म्हणाली.

"लेन बदलली की पॉइंट कटतात."

"कटू दे."

"तुले समजत नाही. तो धंतोलीचा डॉक्टर एकाच पॉइंटने पुढे आहे."

मागून चंपतराव म्हणाले, "काहून गा, गाडी बिमार आहे का?"

"नाही बाबा. मस्त चालून राहिली."

"मंग आपण टँकरच्या मयतीले चाललो का?"

वैभवीला हसू आलं नाही. अकरा वाजून गेले होते. तेवढ्यात रस्त्यात म्हैस आली. अश्विन थांबला. म्हैसही थांबली. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गदारोळ केला; अश्विन दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून देवळात बसल्यासारखा बसून राहिला. शेवटी वैभवीने हात लांबवून हॉर्न दाबला. म्हैस हलली. स्क्रीनवरचा आकडा एकाने उतरला.

"काय केलं वं हे!" अश्विन ओरडला. "चार दिवसांची मेहनत पाण्यात!"

"गाडी बाजूला घे."

त्याने इंडिकेटर देऊन, अत्यंत हळुवारपणे गाडी बाजूला घेतली. वैभवी उतरून येणाऱ्या वाहनांना हात करू लागली. एक मोटरसायकल करकचून ब्रेक मारत थांबली. संघपाल मेश्राम. उमरेडला तो तिच्याबरोबर तासिकेवर होता. आज त्याच जागेच्या मुलाखतीला निघाला होता.

"मॅडम, गाडी बंद पडली का?"

"नाही. चालू आहे, म्हणून तर उतरले."

संघपालने मागे बांधलेली बॅग सोडून पुढे टाकीवर घेतली. "बसा. पोस्ट एकच आहे, सीट दोन आहेत."

चंपतरावांनी काच खाली केली. "जाय वं पोरी. आमचं काही खरं नाही."

दोघंही वेळेत पोहोचली. अश्विन आला तेव्हा वैभवी मुलाखत देऊन बाहेर आली होती. "इतका स्मूथ आलो, की बाबा झोपले," त्याने सांगितलं. मुलाखत कशी झाली, हे विचारायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

शनिवारी यादी लागली. वैभवीची निवड झाली; सोमवारीच रुजू व्हायचं होतं. संघपाल प्रतीक्षा यादीत. तिने घरी सांगण्याआधी त्याला फोन केला. "पाहिलं मी," तो म्हणाला. "पेढे मात्र चांगल्या दुकानातले आणा, मॅडम." दोघंही त्यावर नीट हसू शकली नाहीत.

रविवारी अ‍ॅपवर धंतोलीच्या डॉक्टरचा फोटो आला. डॉक्टर आठवडाभर गोव्यात होते आणि गाडी घरी उभी होती. कंपनीच्या हिशेबात न चाललेली गाडी निर्दोष होती. अश्विनने जेवताना हा अन्याय सविस्तर सांगितला. मग त्याला मार्ग सुचला.

"उद्यापासून मीच तुले मौद्याले सोडत जाईन. हायवे आहे, पॉइंट भराभर वाढतील."

"मी खोली घेतली आहे तिथे," वैभवी म्हणाली. "कॉलेजच्या मागेच. सोमवार ते शनिवार तिथेच राहीन."

अश्विनने मोबाइल खाली ठेवला. "म्हणजे रोज जाणं-येणं नाही?"

"नाही."

त्याला खरोखरच वाईट वाटलं. रोजचे सत्तर किलोमीटर हातचे गेले होते.