वहीतलं म्युझिक

बेंजो मला पाचपावलीतल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात मिळाला. शिलाई मशिनी आणि पंख्यांच्या मधे तो भिंतीला टेकवून उभा केलेला होता, त्यामुळे आधी ओळखूच आला नाही. त्याचं पुस्तकी नाव बुलबुल तरंग, पण आमच्याकडे त्याला त्या नावाने कोणी ओळखत नाही. लांबट लाकडी पेटी, वर तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या प्लॅस्टिकच्या तुकड्याने तार छेडायची.

दुकानदाराने विचारलं, घरी कोण वाजवतं. मी म्हटलं, मीच. त्याने माझ्या पिकलेल्या केसांकडे पाहिलं आणि म्हणाला, "चालते मॅडम. टाइमपास होते."

दोन तारा नव्हत्या, उरलेल्या गंजल्या होत्या. पण बटणांवरचे आकडे शाबूत होते, आणि मला आकडेच हवे होते.

बाबा मार्चमध्ये गेले. त्यांच्या लोखंडी पेटीत, स्वेटरच्या खाली, एक शंभर पानी वही निघाली. प्रत्येक पानावर वर गाण्याचं नाव आणि खाली ओळीने आकडे. पाच पाच सात आठ, सात पाच तीन. अशी सतरा पानं. लग्नाआधी आणि लग्नानंतर थोडे दिवस बाबा भैय्याजींच्या गायन पार्टीत बेंजो वाजवत, एवढं मला आईकडून माहीत होतं. एप्रिलमध्ये जयंती, ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र दिन. त्या दिवसांत पार्टी गावोगाव फिरे आणि रात्रभर गाणी चालत. मला कळायला लागलं तेव्हा घरात बेंजो नव्हता. बाबा धान्याच्या बाजारात मापारी होते, आधी जुन्या बाजारात, मग कळमन्याला. पहाटे पाचला निघत, संध्याकाळी भुवयांवर तुरीची धूळ घेऊन परत येत. बेंजोबद्दल विचारलं तर म्हणत, ते दिवस वेगळे होते. आई गेल्यावर आम्ही दोघं अकरा वर्षं एका घरात राहिलो. या काळात आमचं बोलणं बहुतेक दोन प्रश्नांवर चालत असे. ते विचारत, जेवलीस का. मी विचारी, कुलूप लावलं का.

वहीच्या शेवटच्या पानावर गाण्याचं नाव नव्हतं. तिथे माझं नाव लिहिलं होतं, 'दामिनी'. खाली तारीख, माझ्या जन्मानंतरच्या आठवड्यातली. मग आकडे.

ते त्यांनी माझ्यासाठी केलेलं काहीतरी होतं आणि मला ते ऐकायचं होतं. एवढ्यासाठी मी बेंजो घेतला.

पियूष, माझा धाकटा भाऊ, पुण्यात असतो. रविवारी फोन करतो. त्याला वहीबद्दल सांगितलं तेव्हा तो म्हणाला की मोबाइलमध्ये आकडे टाकले की वाजवून देणारं काहीतरी मिळतं, एवढा खटाटोप कशाला. मग त्याने विचारलं, "माझ्या नावाचं पान आहे का गं ताई?" मी पुन्हा सगळी वही चाळली. नव्हतं. तो माझ्यानंतर चार वर्षांनी जन्मला, तोवर बाबांची पार्टी सुटली होती. हे मी त्याला सांगितलं आणि तो हसला, पण त्यानंतर त्याने वहीचा विषय काढला नाही.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, आणि पुस्तकांवर माझा विश्वास गरजेपेक्षा जास्त आहे. संगीतावरची तीन जाड पुस्तकं घरी आणली. त्यांत सतार होती, सरोद होता, एका पुस्तकात मोरचंगाला चार पानं दिलेली होती. बेंजो कुठेच नव्हता. तेव्हा सीताबर्डीवरून तारा आणल्या आणि ज्याला वाजवायचं त्यानेच शिकायचं असं ठरवून बसले. पहिली तार पिळताना तुटली आणि मनगटावर वळ उमटला. दुसरी टिकली. जूनच्या उकाड्यात कूलर चालू असला की तारेचा आवाज ऐकू येत नसे, म्हणून कूलर बंद करून बसायचं. संध्याकाळी सहा ते सात. बटणांवर बोटं घामाने घसरत. घरात दुसरा काहीच आवाज नसल्यामुळे प्रत्येक चूक स्वच्छ ऐकू येई.

शेवटचं पान शेवटी वाजवायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. आधी सोळा गाणी यायला हवीत. घाईघाईत, अडखळत मला ते ऐकायचं नव्हतं.

पहिलं पान बसायला सहा आठवडे लागले. आकडे चुकत नव्हते, तरी गाणं होत नव्हतं. सूर धावत सुटायचे, मधेच उंच चढायचे, एकदम खाली पडायचे. कोणीतरी उगाच जिन्यावरून वर-खाली करतंय असं वाटायचं. दुसरं पान तसंच. तिसरंही. मी बोटांना दोष दिला, तारांना दिला, शेवटी कानाला दिला. शेजारच्या कांताबाई एकदा गॅलरीतून म्हणाल्या, "रोज ऐकून राहिली मी. हे गाणं सुरू कधी होते वं?" मी म्हटलं, अजून शिकतेय. त्या म्हणाल्या, शीक बाई, आमची काही तक्रार नाही.

पानाची शेवटची ओळ सोडली तर प्रत्येक ओळीत सहा-सात आकडे झाले की पुढे पानाच्या कडेकडे एक आडवी रेघ होती. ती रेघ मी लहानपणापासून पाहत आले होते. मापाच्या चिठ्ठीवर पोत्यांचं वजन लिहिलं की बाबा उरलेल्या जागेत रेघ ओढत, म्हणजे मागून कोणी आकडा वाढवू नये. घरातल्या वाणसामानाच्या यादीवर, माझ्या शाळेच्या अर्जावरसुद्धा ते अशी रेघ मारत. त्यामुळे वहीतल्या रेघेचा मी वेगळा विचारच केला नाही. रेघ आली की पुढच्या ओळीवर जायचं.

नोव्हेंबरपर्यंत सोळा पानं न बघता वाजवता येऊ लागली, आणि त्यांतलं एकही गाणं नव्हतं. शेवटच्या पानाला हात लावायचा धीर होईना. तेही असंच निघालं तर पुढे काय करायचं, हे मला माहीत नव्हतं.

तेव्हा सुभद्राबाईंची आठवण झाली. बाबा गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्या खाप्याहून आल्या होत्या. आपण बाबांच्या पार्टीत गात होतो, एवढं त्यांनी सांगितलं होतं, आणि मी त्यांच्या हातात चहा देऊन पुढच्या पाहुण्याकडे गेले होते. खाप्याच्या विहारातून त्यांचा नंबर मिळवला. फोनवर त्या म्हणाल्या, रविवारी ये, पण दुपारचं झोपायच्या आत ये.

बेंजो चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला आणि सावनेरवरून एसटीने गेले. सुभद्राबाई अंगणात सुपात तूर निवडत बसल्या होत्या. जय भीम केला. सत्तरी ओलांडलेली बाई, आवाज पार बसलेला, कापड फाटल्यासारखा. त्यांनी चादर स्वतः सोडली आणि बेंजोवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाल्या, वाजव.

मी पहिलं पान वाजवायला घेतलं. सहा महिन्यांत इतकं स्वच्छ कधी वाजलं नव्हतं. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. दुसऱ्या ओळीवरच त्यांनी माझं मनगट धरलं.

"अशी काहून पळून राहिली वं? मले गाऊ तर देशील."

मला कळलं नाही. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि मला नीट समजावलं. भैय्याजी बोल लिहीत आणि चाल लावत. गाणं त्या गात. त्यांची ओळ गाऊन झाली की पुढची ओळ येईपर्यंतची मोकळी जागा बेंजोने भरायची. पार्टीत त्याला म्युझिक म्हणत. त्या गात असताना बेंजो गप्प. गाणं त्यांच्या गळ्यात होतं, ते बाबांनी लिहून ठेवायचं कारणच नव्हतं. त्यांनी फक्त आपलं लिहिलं होतं.

"अन् ही रेघ," मी विचारलं.

"ते मी हाय," सुभद्राबाई म्हणाल्या.

मग त्यांनी मला पहिली ओळ वाजवायला लावली आणि रेघेपाशी हात वर करून थांबवलं. त्या फाटक्या आवाजात गायल्या, "सभेले निघाली माय, पदरात भाकर दोन." गाताना बोटांनी मांडीवर आठ मोजले आणि ओळ संपताच माझ्याकडे बघून मान हलवली. मी दुसरी ओळ वाजवली. जे सूर इतके दिवस जिन्यावरून उगाच धावत होते ते त्यांच्या ओळीच्या टोकाला जाऊन नेमके मिळाले आणि त्यांना पुढच्या ओळीच्या दाराशी सोडून आले. तिसऱ्या कडव्याला त्यांना खोकला आला. आम्ही थांबलो. त्यांनी पाणी पिऊन सांगितलं की बाबा कधी घाई करत नसत; मंचावर एखादी ओळ त्या विसरल्या तर आठवेपर्यंत मागची ओळ फिरवत राहत. लोकांना कळतही नसे. "लई बोलका नव्हता रुपराव. पण मले कधी एकटी पडू देल्ली नाही त्यानं."

मी शेवटचं पान उघडलं. पहिली ओळ वाजवली, रेघेपाशी थांबले आणि आठ मोजले. सुभद्राबाई ओठ किंचित उघडून माझ्याकडे पाहत होत्या. दुसरी ओळ. थांबले. त्यांनी डोळे मिटले. मी सगळं पान असंच वाजवलं, नऊ ओळी आणि आठ रेघा, आणि त्या एकदाही गायल्या नाहीत.

शेवटी डोळे उघडून म्हणाल्या, "हे माह्यापाशी आलंच नाही, पोरी."

मी त्यांना तारीख दाखवली. त्यांनी हिशेब लावला. त्याच महिन्यात बाबा पार्टीतून गेले होते. घरी लेकरू झालं, बाजारात पहाटेची हजेरी लागली, रात्रीचे कार्यक्रम होईनात. बेंजो त्यांनी पार्टीलाच देऊन टाकला. भैय्याजींनी या चालीवर बोल लिहिले असते तर ते सुभद्राबाईंना दिले असते. दुसरं कोणी गाणारं नव्हतं. मी विचारलं, बाबांनी स्वतः बोल लिहिले असतील का. त्यांनी वही हातात घेतली आणि रेघांवरून बोट फिरवलं. काही रेघा लांब होत्या, काही आखूड.

"जागा तर मापून सोडल्या हाय त्यानं. मनात काही असल्याशिवाय कोणी अशा सोडत नाही. पण काय होतं ते मले सांगता येत नाही, अन् खोटं मी सांगणार नाही."

निघताना त्या म्हणाल्या, तू शिकलेली आहेस, पुस्तकांत असतेस, तूच लिही अन् आण, आवाज हाय तोवर गाऊन देतो. मी हो म्हटलं.

आठवडाभर मी लिहिलं. लांब रेघेला लांब ओळ, आखूड रेघेला आखूड. कॉलेजात, बसमध्ये, ओट्यापाशी. शब्द मला कमी पडत नाहीत, तीच अडचण झाली. प्रत्येक ओळ नीट होती, आणि वाचली की कुठल्यातरी पुस्तकातून उचलल्यासारखी वाटे. बाबा तसे बोललेच नसते. मग मी ते बोलत तसं लिहून पाहिलं. जेवलीस का, एवढेच शब्द कागदावर आले, आणि ते पहिल्या रेघेच्या अर्ध्यातच संपले. मी तो कागद फाडला. सुभद्राबाईंना फोन करून सांगितलं की जमलं नाही. त्या म्हणाल्या, नाही जमत तर नको करू, वाजव नुसतं.

रविवारी पियूषचा फोन आला. मी खाप्याला गेले होते हे त्याला सांगितलं, आणि ऐकतोस का म्हणून विचारलं. तो हो म्हणाला. फोन सतरंजीवर बेंजोशेजारी ठेवला.

पहिली ओळ वाजवली आणि थांबले. एक, दोन, तीन.

"हॅलो," पियूष म्हणाला. "ताई? आवाज येत नाहीये."

मी मोजत होते, त्यामुळे उत्तर देता येईना.

"ताई, आहेस ना?"

सात, आठ. मी दुसरी ओळ वाजवली. ती त्याच्या प्रश्नाच्या टोकाला जाऊन लागली. पुन्हा थांबले. या वेळी तो काही बोलला नाही. तो ऐकत होता की फोन कटला होता, हे स्क्रीनकडे पाहिलं असतं तर कळलं असतं, पण पाहिलं असतं तर मोजणं चुकलं असतं. ही रेघ लांब होती. मी डावा हात पुढच्या बटणावर ठेवून सोळापर्यंत मोजत राहिले.