चोवीस तासांचा कॅन

मी पाच लिटरचा, पांढऱ्या प्लास्टिकचा कॅन बोलत आहे. तेल वा दूध माझ्या वाट्याला आले नाही. माझी घडण माणसाची लघवी साठवण्यासाठी झाली.

परभणीच्या एका रुग्णालयातून तात्यारावांनी मला पूर्णेला आपल्या घरी नेले. त्यांची नात रोहिणी तेरा वर्षांची. जन्मापासूनच तिच्या शरीरातील फॉस्फरस लघवीवाटे वाहून जातो. त्यामुळे हाडे मऊ राहून पाय धनुष्यासारखे वाकलेले. हाडांच्या औषधांनी ती चालू लागली खरी, परंतु मूत्रपिंडांत कॅल्शियम साचू लागले. लघवी वाढवणारी एक जुनी गोळी हे साचणे रोखते का, याचा अभ्यास त्या रुग्णालयातील डॉक्टरबाई करीत होत्या. रोहिणी महिनाभर ती गोळी घेत होती. आता चोवीस तासांची सगळी लघवी माझ्यात साठवून तिच्यातले कॅल्शियम मोजायचे होते; ते कमी भरले, तर गोळी लागू पडली असे ठरणार होते.

त्यासाठी रोहिणीने शाळेचे स्नेहसंमेलन चुकवले. तात्याराव दाराबाहेरून बजावत, "एक थेंब बी भाईर जाऊ देऊ नको, बाळा."

"आवो, कॅन हाय का सोन्याचा हंडा?" त्यांच्या पत्नी सुलाबाई म्हणाल्या. "लय जपायलाव!"

दुसऱ्या दिवशी तात्यारावांनी मला एकट्यानेच रेल्वेने परभणीला आणले. फलाटावर उतरताना गर्दीचा धक्का लागला, मी हातातून निसटलो, झाकण उडाले. निम्मी लघवी सांडून गेली. रेल्वेत तेहेतीस वर्षे बिनचूक नोकरी केलेला तो माणूस जागीच थिजला. मग इकडेतिकडे पाहत त्यांनी मला नळाखाली धरले आणि पूर्वीच्या पातळीपर्यंत पाण्याने भरले. मला ओरडता आले असते, तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

तपासणीनंतर मला विसळून डॉक्टरबाईंच्या खोलीत ठेवले गेले. आठवड्याने आजोबा आणि नात तेथे आले.

"कॅल्शियम निम्म्यावर आलं की!" बाई आनंदाने म्हणाल्या. "गोळी लागू पडली. आता डोस वाढवायला नको."

"म्हंजी माझ्या किडन्या खराब व्हनार न्हाईत ना, मॅडम?" रोहिणीने विचारले.

तात्याराव खुर्चीवरून उठले. "मॅडम, ते धरू नका. त्यात निम्मं नळाचं पानी हाय. माज्या हातून सांडलं. सांगायची लाज वाटली."



"आन् मला म्हनायलते, थेंब बी जाऊ देऊ नको!" रोहिणी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"काका, त्याच दिवशी सांगितलं असतं तर दुसरा कॅन दिला असता," असे म्हणून बाईंनी वहीतील माझ्या आकड्यावर रेघ मारली. शेजारी कारण लिहायचे होते. त्यांनी पेन टेकवताच तात्याराव म्हणाले, "मी लिवतो." सावकाश, सुवाच्य अक्षरांत त्यांनी लिहिले : 'यात मी पाणी मिसळले.' खाली पूर्ण नाव, तारीख आणि सही.

नव्या कॅनने खरे सांगितले. कॅल्शियम थोडेसेच उतरले होते. बाईंनी डोस वाढवला. गोळीचा गुण ठरायला अजून अवकाश आहे.

मी आता टाकाऊ वस्तूंच्या पिशवीत आहे. संध्याकाळी गाडी येईल. जाता जाता एवढीच विनंती करतो. माझ्यासारखा कॅन कधी तुमच्या हाती आला आणि वाटेत सांडला, तर तो अर्धाच घेऊन या.