अडखळणारी चाल

संगीतकाराची एकही चाल धड दोन ओळी सलग जात नव्हती, आणि त्याला कारण होती शेजारच्या खोलीतली आई. बोटं कीबोर्डवर जरा कुठे रमली, की हाक आलीच. "सोन्या, उशी!" उशी नीट करून तो परत येऊन बसतोय न बसतोय, तोच "सोन्या, खिडकी!" अंथरुणाला खिळून कंटाळलेली बिचारी, पण त्याच्या मात्र नाकी नऊ आले होते.

त्यातच नाटकाचं गाणं हातात होतं. पहिलंच मोठं काम! दिग्दर्शकाने फोनवरच झापलं, "अहो, तुमची चाल चार पावलं टाकते आणि उभी राहते, चप्पल तुटल्यासारखी! घोडं पेंड कुठे खातंय? उद्या दुपारपर्यंत सलग चाल द्या, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

त्याने ताईला गळ घातली. "एक दिवस ने गं आईला."

"एकच? तुझं तोंड बघून आठवडाभर नेते," ताई म्हणाली आणि आईला गाडीत घालून घेऊन गेली.

घर चिडीचूप. गडी बाह्या सरसावून बसला. सुरुवात झकास! आणि ऐन रंगात बोटं आपोआप उचलली गेली. कान दाराकडे. हाक नाही. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. "अरे, नाहीये ती घरात!" तो बोटांवर खेकसला. बोटं कसली ऐकतात! वैतागून त्याने ताईला फोन लावला.

"हाका मारतेय का?"

"छे! गप्पा ठोकतेय. तुझं नावही काढलं नाही."

यावर तर तो आणखीच भडकला. शेवटी थांबत थांबत वाजवलेली चालच त्याने पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेला, तर दिग्दर्शक खूश. "मधल्या रिकाम्या जागा कापून टाकल्या. ऐका, कशी पळतेय!"

पळत होती खरी. गुळगुळीत, कुणाचीही असावी अशी.

"त्या जागा परत घाला."

"अहो, तिथे काहीच नव्हतं!"

"तिथे मी उठतो."

"उठून जाता कुठे?"

आता याला काय सांगणार, कप्पाळ! "घालणार की नाही?"

"नाही."

"मग माझं नाव काढा."

"जशी मर्जी," दिग्दर्शकाने खांदे उडवले.

धुसफुसतच जिना उतरून त्याने ताईला फोन केला. "आण तिला घरी."

"ती यायला तयार नाही रे. म्हणते, तिकडे दिवसभर टँव टँव चालू असतं. हाक मारली की तेवढंच जरा थांबतं."