वाळका मासा आणि हायड्रोजनचं यंत्र

मित्रांनो, मी एक चौदा वर्षांची डिझेल गाडी आहे आणि माझा कोणावर पटकन विश्वास बसत नाही. असं का, ते ऐका.

कारखान्यातून मी कोरियातल्या वॉन्जू शहरात आले, त्या दिवशी ओकबुन आजींनी माझ्या चाकांवर तांदळाची दारू शिंपडली आणि पांढऱ्या दोऱ्यात गुंडाळलेला वाळका मासा डिकीत ठेवला. अपघात टळावा म्हणून आमच्याकडे ठेवतातच. दहा वर्षं मी आजींची कोबीची पोती आणि नातेवाईक वाहिले. सगळे म्हणत, गाडी असावी तर अशी. मग आजींची नजर अधू झाली आणि मी त्यांच्या सुनेकडे, सोरिमकडे गेले. छोट्या ईसोलला दवाखान्यात न्यायला तिला माझ्याशिवाय दुसरी सोय नव्हती. तिने मागे ईसोलची खुर्ची बसवली, डिकी हुंगली आणि मासा काढून आजींच्या हातात दिला.

यंदा मात्र मी काळा धूर ओकू लागले. नाकात काहीतरी खुपत होतं. पण माझं ऐकतो कोण? धुराच्या तपासणीत मी नापास झाले. आणखी एकदा नापास, की भंगार.

सोरिम, आजी आणि ईसोलला घेऊन मी प्यो मालकांच्या गॅरेजात गेले. तिथे एक चकचकीत यंत्र होतं. पोटात पाणी, बाहेर नळी. मला ते मुळीच आवडलं नाही.

"कार्बन साचलाय, ताई. हायड्रोजन सोडतो, अर्ध्या तासात इंजिन साफ."

"हायड्रोजन पेटतो ना?"

"अहो, इतका थोडा काही करत नाही."

सोरिमने ईसोलला उचललं, रस्त्यापलीकडे बाकावर थांबलेल्या आजींजवळ बसवलं आणि परत आली.

"भिंतीवरचे हे आधीचे-नंतरचे फोटो कोणत्या गाडीचे?"

"अशाच एका गाडीचे."

"म्हणजे हिचे नाहीत."

"ताई, पोलिसात होता का तुम्ही?"

"नाही. घरात लहान मूल आहे. नळी कुठे लावणार ते दाखवा. मी इथेच उभी राहते."

मालकांनी सुस्कारा सोडला, बॉनेट उघडलं आणि हवा आत घेण्याच्या तोंडाशी हात घातला. हातात दोरा आला. ओढला, तर शेवयांसारखा येतच राहिला. शेवटी माशाचं डोकं बाहेर आलं.

"आई!" सोरिम ओरडली.

आजी ईसोलचा हात धरून लगबगीने आल्या. "डिकीत तुला वास येतो, म्हणून यंदा पुढे बांधला. लेकरू बसतं ना गं गाडीत!"

"अहो आई, हिचं नाक आहे ते!"

"मला काय ठाऊक, गाडीला नाक असतं म्हणून!"

मालक हसू दाबत म्हणाले, "आधी हिला श्वास घेऊ द्या. यंत्राचं नंतर बघू." त्यांनी हवेची जाळी बदलली. दोन दिवसांनी मी तपासणीत पास झाले.

पण सोरिम तिथे उभी नसती, तर मालकांनी तो दोरा तिला दाखवला असता का? अजून मला खात्री नाही. म्हणून मित्रांनो, जुनी गाडी धूर ओकू लागली, तर पोट धुण्याआधी तिचं नाक तपासा. आणि तपासताना जवळ उभे राहा.

मासा आता पुन्हा डिकीत आहे, तीन पिशव्यांत बांधलेला, सोरिमनेच ठेवला. रोज सकाळी सून माझं बॉनेट उघडून बघते आणि सासू डिकी. दोघींचा एकमेकींवर काडीचा भरवसा नाही. माझी तब्येत उत्तम आहे.