कोरं कपाळ

निवृत्त प्राध्यापक विठ्ठलराव पुतळ्यांची खेडी उभारणाऱ्या थीम पार्कांच्या इतिहासावर पुस्तक लिहीत होते. असल्या खोट्या गावात कुणाचा जीव गुंतत नाही, हे त्यांचं ठाम मत. शेवटच्या प्रकरणासाठी ते बायकोला, कुसुमावतींना, घेऊन हुबळीजवळच्या एका पार्कात गेले.

तिथं सिमेंटची बाई जात्यावर दळत बसली होती. नवा रंग देताना तिचं कपाळ कोरंच राहिलं होतं. कुसुमावतींनी पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि तिला ठसठशीत कुंकू लावलं.

“अगं, पुतळा आहे तो!” विठ्ठलराव चिडले.

“असू दे की. म्हणून कोऱ्या कपाळानं बसवायचं?”

मागून एक अनोळखी बाई म्हणाली, “अक्का, पलीकडं पाणी भरणाऱ्या बायकांचंही राहिलंय बघा.”

दोघी लगबगीनं निघाल्या. डबीचं झाकण सांभाळत विठ्ठलरावही मागोमाग गेले.